सुपरसिमेट्री स्थानिक केली की गुरुत्वाकर्षण का यावेच लागते? सुपरग्रॅव्हिटीविषयी काही प्रश्न

सह्यकडा (धागाकर्ता)

नमस्कार. मी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून सध्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. व्यापक सापेक्षता आणि पुंज क्षेत्र सिद्धांत या दोन्हींची ओळख अभ्यासक्रमात झाली होती, परंतु हे दोन विषय जिथे एकमेकांना भिडतात तिथवर तो अभ्यासक्रम पोचत नव्हता. अलीकडे सुपरग्रॅव्हिटीविषयी, म्हणजे सुपरसिमेट्री आणि गुरुत्वाकर्षण यांना एकत्र आणणाऱ्या सिद्धांताविषयी, मिळेल ते वाचत आहे आणि तीन ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण मुळातलीच आहे. सुपरसिमेट्री स्थानिक केली, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी ती वेगवेगळ्या प्रमाणात लागू करण्याची मुभा दिली, की गुरुत्वाकर्षण सिद्धांतात आपोआप येते, असे जवळपास प्रत्येक लेखात लिहिलेले असते. ते का येते, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. इलेक्ट्रॉनच्या तरंगफलाची कला प्रत्येक बिंदूपाशी स्वतंत्रपणे बदलू दिली की फोटॉनचे क्षेत्र आणावे लागते, हा युक्तिवाद मला नीट समजतो. पण बोसॉन (पूर्णांक स्पिनचे कण) आणि फर्मिऑन (अर्धपूर्णांक स्पिनचे कण) यांची अदलाबदल करणाऱ्या या सममितीतून अवकाशकालाची वक्रता कशी उद्भवते, हे उमगत नाही.

दुसरी अडचण अनंत उत्तरांची. गुरुत्वाकर्षणाचे पुंजीकरण केले की गणनेत अनंत राशी येतात आणि सुपरग्रॅव्हिटीत त्या कटतात, असे एके ठिकाणी वाचले. दुसऱ्या ठिकाणी त्या कटत नाहीत आणि म्हणूनच स्ट्रिंग सिद्धांत आला, असे वाचले. नेमकी स्थिती काय आहे?

तिसरा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांचा आहे. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सुपरसिमेट्रीचे कण सापडले नाहीत, तर मग सुपरग्रॅव्हिटी निकालात निघाली असे समजायचे का?

समीकरणे शब्दांत मांडली तर अधिक बरे, कारण उत्तरे वर्गात सांगण्याचा माझा विचार आहे.

अवकाशवेल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण माझ्या मते या विषयाचा सारा गाभा त्यातच आहे.

सुपरसिमेट्रीकडे केवळ बोसॉन आणि फर्मिऑन यांची अदलाबदल म्हणून पाहिले, तर तिचा अवकाशकालाशी असलेला संबंध नजरेतून निसटतो. एखाद्या बोसॉनवर सुपरसिमेट्रीची क्रिया एकदा केली की फर्मिऑन मिळतो. तीच क्रिया पुन्हा केली की परत बोसॉन मिळतो. मात्र तो मूळ ठिकाणी राहिलेला नसतो, तर अवकाशकालात किंचित सरकलेला असतो. गणिताच्या भाषेत, दोन सुपरचार्जांचा (म्हणजे ही क्रिया घडवणाऱ्या राशींचा) प्रतिक्रमविनिमय, म्हणजे दोन्ही क्रमांनी केलेल्या गुणाकारांची बेरीज, हा चतुर्संवेगाच्या प्रमाणात असतो आणि चतुर्संवेग म्हणजेच अवकाशकालात स्थानांतर घडवणारी राशी. १९७१ मध्ये मॉस्कोत गोल्फांड आणि लिख्टमन यांनी हे बीजगणित प्रथम लिहिले; १९७४ मध्ये वेस आणि झुमिनो यांनी चार मितींतील क्षेत्र सिद्धांतात ते कसे प्रत्यक्षात येते हे दाखवले आणि तेव्हापासून त्याकडे सर्वांचे लक्ष गेले.

आता आपल्या फोटॉनच्या उदाहरणाप्रमाणेच पुढे जाऊ. सुपरसिमेट्रीचा प्राचल, म्हणजे ती किती प्रमाणात लागू केली हे सांगणारी राशी, हा एक स्पिनर (फर्मिऑनांचे वर्णन करणारी गणिती राशी) असतो. तो सर्वत्र समान असेल, तर दोन क्रियांतून होणारे स्थानांतरही सर्वत्र समान असते, म्हणजे सगळे विश्व एकसारखे सरकते. तो प्रत्येक बिंदूपाशी वेगळा असू दिला, तर स्थानांतरही प्रत्येक बिंदूपाशी वेगळे होते. आणि बिंदूगणिक वेगळे स्थानांतर म्हणजे निर्देशकांचा (बिंदूचे स्थान-काळ सांगणाऱ्या आकड्यांचा) यथेच्छ बदल. निर्देशकांच्या अशा कोणत्याही बदलाखाली नियमांचे रूप टिकले पाहिजे, हीच तर व्यापक सापेक्षतेची अट आहे. म्हणून स्थानिक सुपरसिमेट्री पाळणाऱ्या सिद्धांतात अवकाशकालाची दूरिक राशी (अंतरे ठरवणारा मेट्रिक) स्थिर पार्श्वभूमी म्हणून राहू शकत नाही. तिला स्वतःची गतिकी असलेले क्षेत्र व्हावे लागते.

यात आणखी एक पायरी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कला स्थानिक केल्यावर जसा फोटॉन लागतो, तसेच इथेही एक गेज क्षेत्र लागते. प्राचल स्पिनर असल्यामुळे या क्षेत्राला एक स्पिनर निर्देशांक आणि एक सदिश निर्देशांक असावा लागतो, म्हणजेच ते ३/२ स्पिनचे क्षेत्र ठरते. त्याच्या कणाला ग्रॅव्हिटिनो म्हणतात. अशा क्षेत्राचे समीकरण विल्यम रारिटा आणि ज्युलियन श्विंगर यांनी १९४१ मध्येच लिहिले होते, पण ते इतर क्षेत्रांशी जोडायला गेले की विसंगती निर्माण होत. १९६९ मध्ये वेलो आणि त्स्वान्झिगर यांनी दाखवले की विद्युतचुंबकीय क्षेत्राशी त्याची साधी जोडणी केल्यास प्रकाशापेक्षा वेगाने पसरणारी उत्तरे मिळतात. ३/२ स्पिनचे क्षेत्र निसर्गात मूलभूत स्वरूपात असूच शकत नाही की काय, अशी शंका त्यामुळे रास्तच होती.

हेच क्षेत्र आता वक्र अवकाशकालात ठेवून पाहावे. गेज रूपांतरण केल्यावर रारिटा-श्विंगर समीकरण जसेच्या तसे राहते का, हे तपासण्यासाठी दोन सहचर अवकलनांचा क्रम बदलावा लागतो, आणि तो बदलला की वक्रता टेन्सर पुढे येतो. सर्व पदे एकत्र केल्यावर जी राशी शिल्लक राहते ती वक्रतेचा कोणताही यादृच्छिक भाग नसते. ती नेमकी आइनस्टाइन टेन्सर असते. पोकळीतील आइनस्टाइनचे समीकरण पाळले जात असेल तरच ही राशी शून्य होते आणि ग्रॅव्हिटिनोची सममिती टिकते. वस्तुमानरहित ३/२ स्पिनच्या क्षेत्राची सुसंगती अवकाशकालाकडून आइनस्टाइनच्या समीकरणाचीच मागणी करते, हे मी प्रथम कागदावर करून पाहिले तेव्हा फार वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो होतो. आपण वर्गात एकच गोष्ट सांगणार असाल, तर हीच सांगावी.

पूर्ण सिद्धांत १९७६ मध्ये तयार झाला. सर्जिओ फेरारा, डॅनियल फ्रीडमन आणि पीटर व्हॅन न्यूवेनहाउझेन यांनी आइनस्टाइनच्या क्रियाफलाला (ज्यातून समीकरणे निघतात त्या राशीला) रारिटा-श्विंगरचे क्रियाफल जोडले आणि लागतील तशी दुरुस्तीची पदे पायरीपायरीने ठरवत नेली. शेवटच्या पायरीवर ग्रॅव्हिटिनोचे क्षेत्र पाच वेळा येणारी असंख्य पदे एकत्रितपणे शून्य होतात का, हे हाताने तपासणे जवळजवळ अशक्य होते; ती तपासणी ब्रुकहेवन येथील संगणकावर करण्यात आली आणि सर्व उत्तरे शून्य आली. त्याच वर्षी स्टॅन्ली डेझर आणि ब्रुनो झुमिनो यांनी अवकाशकालाच्या जोडणीला स्वतंत्र क्षेत्र मानून तोच सिद्धांत कितीतरी थोडक्यात मांडला. २०१९ मध्ये पहिल्या तिघांना ३० लाख डॉलरचा विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला. झुमिनो २०१४ मध्येच निवर्तले होते, पण डेझर तेव्हा हयात होते आणि त्या पुरस्कारात त्यांचे नाव असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

पिंपळपान

अवकाशवेल यांच्या प्रतिसादानंतर पहिल्या प्रश्नावर काही सांगण्याजोगे उरलेले नाही. मी अनंतांच्या प्रश्नाकडे वळतो. आपण वाचलेली दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या सुपरग्रॅव्हिटींविषयी आणि गणनेच्या वेगवेगळ्या टप्प्यांविषयी आहेत.

न्यूटनच्या स्थिरांकाला मिती आहे आणि म्हणून गुरुत्वाकर्षणाची परिणामकारक तीव्रता ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुमारे १०च्या १९व्या घाताइतक्या गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे प्लांक ऊर्जेपाशी, ती एकच्या घरात पोचते. परिणामी प्रत्येक नव्या लूपबरोबर, म्हणजे गणनेतील प्रत्येक पुढच्या पुंज दुरुस्तीबरोबर, नव्या स्वरूपाचे अनंत पद येऊ शकते आणि ते शोषून घेण्यासाठी नवा अज्ञात स्थिरांक लागतो. १९७४ मध्ये ट होफ्ट आणि व्हेल्टमन यांनी दाखवले की द्रव्याविना निव्वळ गुरुत्वाकर्षण एका लूपच्या पातळीवर बचावते, पण त्यात एखादे अदिश क्षेत्र जरी घातले तरी अनंत येते. पुढे १९८५ मध्ये गोरॉफ आणि सान्योत्ती यांनी दोन लूपची अतिशय क्लिष्ट गणना करून निव्वळ गुरुत्वाकर्षणातही अनंत उरते हे सिद्ध केले.

हे दुसऱ्या लूपचे अनंत सुपरग्रॅव्हिटीत येऊच शकत नाही. ज्या पदामुळे ते येते त्यातून ग्रॅव्हिटॉनांच्या (गुरुत्वाकर्षणाच्या पुंजकणांच्या) अशा काही टकरी संभवतात ज्यांना सुपरसिमेट्री मज्जाव करते. हे १९७७ मध्ये ग्रिसारू यांनी दाखवले. म्हणजे ज्याची काळजी करावी असे पहिले पद थेट तिसऱ्या लूपला येते. मात्र हा लाभ द्रव्यरहित सिद्धांतापुरता आहे. एकाच सुपरसिमेट्रीच्या सिद्धांतात बाहेरून द्रव्य जोडले की पहिल्याच लूपला अनंत परत येते. म्हणून लक्ष अशा सिद्धांतांकडे वळले ज्यांत सुपरसिमेट्री अनेक आहेत आणि सर्व कण ग्रॅव्हिटॉनच्याच कुटुंबात मोडतात. त्यांतील सर्वांत मोठा, आठ सुपरसिमेट्रींचा सिद्धांत, क्रेमर आणि ज्युलिया यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांधला. त्यात १ ग्रॅव्हिटॉन, ८ ग्रॅव्हिटिनो, १ स्पिनचे २८ कण, १/२ स्पिनचे ५६ आणि शून्य स्पिनचे ७० कण आहेत. बोसॉनी आणि फर्मिऑनी अवस्था प्रत्येकी १२८ भरतात. १९८० मध्ये केंब्रिजमधील ल्युकेशियन प्राध्यापकपदाच्या उद्घाटनपर व्याख्यानात स्टीफन हॉकिंग यांनी अंतिम सिद्धांताचा सर्वांत आशादायी उमेदवार म्हणून याच सिद्धांताकडे बोट दाखवले होते.

पुढे काय झाले, हे आपण वाचलेल्या दुसऱ्या विधानात आले आहे. तिसऱ्या लूपचे पद सुपरसिमेट्रीच्या नियमांत बसते असे दिसू लागले, प्रत्यक्ष गणना आवाक्याबाहेरची होती, आणि १९८४ मध्ये ग्रीन आणि श्वार्ट्झ यांच्या कामानंतर बहुतेक अभ्यासक स्ट्रिंग सिद्धांताकडे गेले. पण अनंत येऊ शकते आणि अनंत येते ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि मधली वीस-बावीस वर्षे पहिल्यालाच दुसरे समजून चालण्यात गेली.

गणना शक्य झाली ती त्स्वी बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. त्यांनी फाइनमनच्या आकृत्यांची वाट सोडून दिली आणि गुरुत्वाकर्षणाचे प्रकीर्णन हे गेज सिद्धांतातील प्रकीर्णनाचा एका विशिष्ट अर्थाने वर्ग आहे, या संबंधाचा आधार घेतला. आठ सुपरसिमेट्रींच्या सिद्धांतात २००७ मध्ये तीन लूपना आणि २००९ मध्ये चार लूपना चार मितींत कोणतेही अनंत आढळले नाही. २०१८ मध्ये पाच लूपची गणना पूर्ण झाली. तिच्यातून दिसले की मिती वाढवत नेल्यास या लूपला अनंत प्रथम २४/५ मितींना येते, तर तुलनेसाठी घेतलेल्या सुपरसिमेट्रिक गेज सिद्धांतात ते २६/५ मितींना येते. चार मिती याच्या खाली असल्यामुळे पाच लूपपर्यंत सिद्धांत सांतच (अनंतविरहित) राहतो, पण तो गेज सिद्धांताइतका सुशील नाही हेही स्पष्ट झाले. ज्ञात सममितींच्या आधारे चार मितींत खरी परीक्षा सातव्या लूपला आहे.

यात एक गोष्ट मला विशेष कुतूहलाची वाटते. चार सुपरसिमेट्रींच्या सिद्धांतात चौथ्या लूपला अनंत येते, हे २०१३ मध्ये गणनेने सिद्ध झाले. परंतु पाच सुपरसिमेट्रींच्या सिद्धांतात चौथ्याच लूपला, ज्ञात सममिती ज्या पदाला अडवत नाहीत ते पद प्रत्यक्ष गणनेत शून्य निघाले. ते का शून्य झाले याचे सममितीवर आधारलेले समाधानकारक स्पष्टीकरण सापडलेले नाही. सातव्या लूपविषयी आधीच निर्णय देऊन टाकणे मला म्हणूनच योग्य वाटत नाही.

चौथीमिती

पिंपळपान यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. आठ सुपरसिमेट्रींचा सिद्धांत प्रत्येक लूपला सांत निघाला असे क्षणभर मानले, तरी तेवढ्याने तो गुरुत्वाकर्षणाचा परिपूर्ण पुंज सिद्धांत ठरत नाही. लूपांची श्रेणी ही अंदाजाची श्रेणी आहे. कृष्णविवरांसारख्या ज्या अवस्था तिच्यात दिसतच नाहीत त्यांचाही हिशेब द्यावा लागतो. २००७ मध्ये ग्रीन, ओगुरी आणि श्वार्ट्झ यांनी दाखवले की स्ट्रिंग सिद्धांतातून हा सिद्धांत निव्वळ स्वरूपात वेगळा काढू गेल्यास अनंत संख्येने हलक्या अवस्था सोबत येतात. शिवाय त्यातील आठाच्या परिवलन गटात प्रमाणित प्रारूपाचा (ज्ञात मूलकणांच्या सिद्धांताचा) सममिती गट मावत नाही, ही जुनी अडचण कायम आहे. पाच सुपरसिमेट्रींच्या सिद्धांतातील अनपेक्षित शून्याविषयी पिंपळपान यांना वाटणारे कुतूहल मलाही वाटते, परंतु सांत असणे आणि निसर्गाचे वर्णन करणे या दोन कसोट्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

सह्यकडा

सर्वांचे मनापासून आभार. आइनस्टाइन टेन्सरची बाब मी स्वतः करून पाहणार आहे. वाचताना एक उपप्रश्न सुचला. आठपेक्षा अधिक सुपरसिमेट्री का घेत नाहीत? आणि अकरा मितींचा उल्लेख या विषयात सतत येतो, त्याचा या आठाशी काही संबंध आहे का? विद्यार्थ्यांच्या कोलायडरविषयीच्या प्रश्नाच्या उत्तराचीही वाट पाहतो आहे.

रेवती_नक्षत्र

कोलायडरविषयी मी लिहिते.

प्रयोगांनी काय नाकारले आहे ते आधी अचूक सांगितले पाहिजे. हिग्ज बोसॉनचे वस्तुमान १२५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास स्थिर का राहावे, पुंज दुरुस्त्यांमुळे ते प्रचंड का वाढत नाही, या प्रश्नाला सुपरसिमेट्रीचे उत्तर होते की प्रत्येक कणाचा जोडीदार त्या दुरुस्त्या कापून टाकतो. ही कापाकापी उपयोगाची ठरायची तर जोडीदार कण एक टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आगेमागे असायला हवेत. तसे ते सापडले नाहीत. ग्लुइनोसाठीची (ग्लुऑनच्या सुपरसिमेट्रिक जोडीदारासाठीची) खालची मर्यादा अनेक प्रारूपांत दोन टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे गेली आहे. त्यामुळे या विशिष्ट अपेक्षेला मोठा धक्का बसला आहे आणि ते विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

पण स्थानिक सुपरसिमेट्री कोणत्या ऊर्जेला भंगते हे सुपरग्रॅव्हिटीचे बीजगणित ठरवत नाही. ती भंगते तेव्हा गोल्डस्टिनो नावाचा १/२ स्पिनचा कण निर्माण होतो आणि ग्रॅव्हिटिनो त्याला स्वतःत सामावून घेऊन वस्तुमान मिळवतो, जसे हिग्ज यंत्रणेत डब्ल्यू आणि झेड बोसॉनांचे होते. हे वस्तुमान काढण्याचे सूत्र सोपे आहे: भंगाच्या ऊर्जेचा वर्ग घ्यावा आणि त्याला प्लांक वस्तुमानाच्या सुमारे १.७ पटीने भागावे. इथे प्लांक वस्तुमान म्हणजे त्याचे लघुकृत मूल्य, २.४ गुणिले १०चा १८वा घात गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. भंग १०च्या ११व्या घाताइतक्या गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला झाला, तर ग्रॅव्हिटिनो सुमारे २.४ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टचा येतो. तोच भंग १०च्या ५व्या घाताला झाला, तर ग्रॅव्हिटिनो अवघ्या २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे दोन लाख पट हलका. भंगाची ऊर्जा याहून खूप वर, प्लांक ऊर्जेच्या जवळपासही असू शकते आणि तसे असेल तर कोणताही कल्पनीय कोलायडर तिथे पोचणार नाही. हे विद्यार्थ्यांना बचावाचा युक्तिवाद वाटू शकेल. परंतु प्रत्यक्षात नाकारली गेली आहेत ती १९८२ मध्ये चामसेद्दीन, आर्नोविट आणि नाथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलेल्या सुपरग्रॅव्हिटीवर आधारित कणप्रारूपांची हलक्या वस्तुमानांची मोठी क्षेत्रे, आणि त्यांच्या पायाशी असलेला सिद्धांत वेगळ्या पातळीवरचा आहे, हा भेद करता आला तरच चर्चा पुढे सरकते.

कोलायडरपेक्षा जुनी आणि कदाचित अधिक कठोर कसोटी विश्वशास्त्राची आहे. ग्रॅव्हिटिनो केवळ गुरुत्वाकर्षणाच्या तीव्रतेने इतरांशी जोडलेला असल्यामुळे तो अस्थिर असला तरी फार उशिरा विघटित होतो. त्याचे वस्तुमान एक टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात असेल, तर हे विघटन विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हलकी अणुकेंद्रके तयार होऊन गेल्यानंतर घडते आणि त्यातून निघालेली ऊर्जा ती केंद्रके फोडते. ड्युटेरियम आणि हेलियम यांचे आज मोजलेले प्रमाण त्यामुळे बिघडायला हवे. ते बिघडलेले नाही. वाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच ही अडचण दाखवून दिली होती. आरंभीचे विश्व किती तापले होते याच्यावर त्यातून वरची मर्यादा येते.

दुसरी कसोटी पोकळीच्या ऊर्जेची. साध्या, म्हणजे स्थानिक नसलेल्या सुपरसिमेट्रीत पोकळीची ऊर्जा ऋण असूच शकत नाही आणि सममिती भंगली की ती धन होते. सुपरग्रॅव्हिटीत स्थितिज ऊर्जेच्या सूत्रात एक ऋण पद येते, त्यामुळे सममिती भंगूनही एकूण ऊर्जा शून्याच्या जवळ ठेवता येते. ती इतक्या काटेकोरपणे शून्यालगत का असावी, याचे उत्तर मात्र हे सूत्र देत नाही. उलट, अभंग सुपरसिमेट्री धन पोकळी-ऊर्जेच्या प्रसरणशील विश्वात नांदत नाही. २००३ मध्ये काचरू, कॅलॉश, लिंडे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी या अडचणीवर जी रचना सुचवली, तिची पहिली पायरी सुपरग्रॅव्हिटीतील ऋण ऊर्जेची स्थिर पोकळी हीच आहे आणि दुसऱ्या पायरीत ती पोकळी वर उचलून धन केली जाते. ही दुसरी पायरी कितपत ग्राह्य आहे यावर आजही गंभीर वाद सुरू आहे.

अवकाशवेल

रेवती यांच्या प्रतिसादाला जोडून एक मुद्दा. निसर्गात ग्रॅव्हिटिनो असो वा नसो, सुपरग्रॅव्हिटीने आइनस्टाइनच्या सिद्धांताविषयी असे काही सांगितले आहे जे कोणत्याही प्रयोगाने मागे घेतले जाणार नाही. एकाकी वस्तूंच्या संहतीची गुरुत्वीय ऊर्जेसह मोजलेली एकूण ऊर्जा ऋण असू शकत नाही, हे विधान अनेक दशके सिद्धतेविना होते. श्यून आणि याउ यांनी १९७९ मध्ये ते अवघड भूमितीच्या साहाय्याने सिद्ध केले. दरम्यान, डेझर आणि टाइटेलबॉइम यांनी १९७७ मध्ये लक्षात आणून दिले होते की सुपरग्रॅव्हिटीत ऊर्जा ही सुपरचार्जांच्या वर्गांची बेरीज असते आणि म्हणून ती ऋण असण्याचा प्रश्नच येत नाही. १९८१ मध्ये विटन यांनी ही कल्पना ग्रॅव्हिटिनोविना, निव्वळ आइनस्टाइनच्या सिद्धांतात उतरवली आणि एका स्पिनर समीकरणाच्या आधारे काही पानांतच सिद्धता दिली.

कृष्णविवरांच्या बाबतीतही असेच घडले. विद्युतभाराच्या मानाने किमान वस्तुमान असलेली कृष्णविवरे ही दोन सुपरसिमेट्रींच्या सुपरग्रॅव्हिटीत सममिती अंशतः राखणारी उत्तरे आहेत, आणि त्यामुळेच त्यांच्या एन्ट्रॉपीची पुंज दुरुस्त्यांसह गणना करता येते. गडहिंग्लजमध्ये जन्मलेले आणि २०१९ पासून त्रिएस्तच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक असलेले अतीश दाभोलकर यांनी जोआव गोमेस आणि समीर मूर्ती यांच्यासह सुपरग्रॅव्हिटीचे समाकलन थेट करून ही एन्ट्रॉपी काढण्याचा मार्ग दाखवला. एन्ट्रॉपी म्हणजे सूक्ष्म अवस्थांच्या संख्येचा लॉगरिदम असेल, तर ती संख्या पूर्णांक असली पाहिजे. आणि काही विशिष्ट कृष्णविवरांसाठी सुपरग्रॅव्हिटीच्या या गणनेतून तशा पूर्णांकांचा मागोवा लागतो. सलग अवकाशकालाच्या सिद्धांतातून पूर्णांक डोकावतात, ही गोष्ट मला या क्षेत्रातील सर्वांत मोलाच्या निष्कर्षांपैकी एक वाटते.

पिंपळपान

आता सह्यकडा यांचा आठ आणि अकरा यांविषयीचा उपप्रश्न.

चार मितींत प्रत्येक सुपरसिमेट्री वस्तुमानरहित कणाची हेलिसिटी (गतीच्या दिशेतील स्पिन) अर्ध्याने उतरवते. ग्रॅव्हिटॉनच्या अधिक दोनपासून निघून उणे दोनपर्यंत पोचायला आठ पायऱ्या लागतात. नववी सुपरसिमेट्री घेतली तर शिडी दोनच्या पलीकडे जाते आणि ५/२ किंवा त्याहून अधिक स्पिनचे कण येतात, ज्यांची गुरुत्वाकर्षणाशी सुसंगत जोडणी सपाट पार्श्वभूमीवर होत नाही. चार मितींतील स्पिनरला चार घटक असतात. आठ सुपरसिमेट्री म्हणजे एकूण ३२ सुपरचार्ज. मिती वाढतील तसा सर्वांत लहान स्पिनरही मोठा होत जातो आणि अकरा मितींना त्याचे घटक नेमके ३२ होतात. नेहमीच्या एका काळमितीसह बारा मिती घेतल्यास ते ६४ होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. वेर्नर नाम यांनी हे १९७८ मध्ये दाखवले आणि त्याच वर्षी क्रेमर, ज्युलिया आणि शेर्क यांनी अकरा मितींचा सिद्धांत प्रत्यक्ष लिहिला. त्यात तीनच क्षेत्रे आहेत: ४४ अवस्थांचा ग्रॅव्हिटॉन, तीन निर्देशांकांचे ८४ अवस्थांचे एक क्षेत्र आणि १२८ अवस्थांचा ग्रॅव्हिटिनो. सात मिती लहान वर्तुळांत गुंडाळल्या की यातूनच वर सांगितलेला आठ सुपरसिमेट्रींचा सिद्धांत मिळतो.

याच सात आकड्याने १९८१ मध्ये मोठी आशा निर्माण केली होती. प्रमाणित प्रारूपाच्या सर्व गेज सममिती भूमितीतून मिळवायच्या, तर किमान सात जादा मिती लागतात, असे विटन यांनी दाखवले. चार आणि सात मिळून अकरा, म्हणजे सुपरग्रॅव्हिटी जिथवर जाऊ शकते नेमकी तीच सीमा. परंतु त्याच विश्लेषणात अडचणही उघड झाली. आपल्या विश्वात दुर्बल बल डाव्या आणि उजव्या फर्मिऑनांत भेद करते, आणि अकरा ही विषम संख्या असल्यामुळे त्या मितींच्या सिद्धांतात असा भेद मुळातच नसतो. सात मिती कोणत्याही गुळगुळीत आकारात गुंडाळल्या तरी तो चार मितींत उत्पन्न होत नाही. दहा मितींच्या सुपरग्रॅव्हिटीकडे, आणि तिच्यामार्गे स्ट्रिंग सिद्धांताकडे, अभ्यासक वळण्याचे हे एक मोठे कारण होते. १९९५ मध्ये विटन यांनी दाखवले की दहा मितींच्या एका स्ट्रिंग सिद्धांताची जोडणी तीव्र करत नेली की अकरावी मिती उलगडते आणि कमी ऊर्जेला १९७८ चा तोच सिद्धांत हाती येतो. पाठोपाठ होराव्हा आणि विटन यांनी अकराव्या मितीला दोन टोके दिली, म्हणजे ती गुळगुळीत असण्याची अट सोडली. त्या दोन दहा-मितीय सीमांवर डावे-उजवे भेद करणारे फर्मिऑन राहू शकतात.